मुलांना त्रिमितीय वस्तू काढायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, व्हिडिओ बघून घन झोकात काढतो, पण समोर पेला किंवा बिस्किटाचा पुडा ठेवला की चित्र सपाट येतं. मी शाळकरी मुलांना चित्रकला शिकवते. या वयात हे बहुतेक सगळ्यांचं होतं, आणि हात कच्चा आहे म्हणून होत नाही.

व्हिडिओतला तो घन आठवा. एक चौरस, त्याच्यामागे जरा वर सरकवलेला दुसरा चौरस, कोपरे जोडले की झालं. पाढ्यासारखं पाठ होतं, पण त्यात मुलाला कशाकडे बघावंच लागत नाही. खरं खोकं कोपऱ्याकडून बघा, त्याची एकही बाजू चौरस दिसत नाही.

मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली मुलांच्या चित्रांवरच्या पुस्तकात हे मांडलं होतं. पेल्याचं तोंड गोल असतं हे माहीत, म्हणून वर पूर्ण गोल. पेला टेबलावर सपाट बसतो हेही माहीत, म्हणून तळाला सरळ रेघ. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत, फक्त एका जागी बसून एकाच वेळी दोन्ही दिसत नाहीत.

म्हणून पहिल्या दिवशी पेन्सिल नको. काचेचा सरळ पेला घ्या, अर्धा पाण्याने भरा आणि मुलाच्या डोळ्यांसमोर असा धरा की पेल्याचा काठ बरोबर नजरेच्या उंचीवर येईल. काठ सरळ रेघ दिसेल. आता पेला हळूहळू खाली न्या. रेघ उघडते, लंबगोल होतो, आणखी खाली नेला की लंबगोल फुगत जातो. मग पेला टेबलावर ठेवून विचारा: काठ, पाणी आणि तळ, यांतलं सगळ्यात जास्त उघडलेलं काय? मुलं हमखास 'काठ' म्हणतात. नीट बघायला लावा. काठापेक्षा पाणी जास्त उघडलेलं असतं, आणि पाण्यापेक्षा तळ. नजरेच्या उंचीपासून जितकं खाली, तितका लंबगोल उघडा. तळाला सरळ रेघ का चालत नाही, हे मुलाला इथे आपोआप कळतं. माझ्या मते सगळ्या विषयात मोलाची गोष्ट एवढीच आहे. घाई करू नका, दोन-तीन दिवस गेले तरी जाऊ द्या.

मधे एक दिवस गंमत म्हणून जुन्या फोटोफ्रेममधली काच (कडा चिकटपट्टीने झाकून) किंवा पारदर्शक प्लास्टिकचा जाड तुकडा उभा धरा. मुलाने एक डोळा मिटायचा, डोकं हलवायचं नाही आणि काचेतून दिसणाऱ्या पेल्याची कड मार्करने थेट काचेवर गिरवायची. ही युक्ती जुनी आहे. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५२५ च्या पुस्तकात काचेवर असं चित्र उतरवणारा माणूस दाखवलेला आहे. आपण गिरवलेला लंबगोल किती चपटा आला हे बघून मुलं चकित होतात.

आता कागद. आधी मधोमध उभी रेघ, अगदी हलकी. हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं: पेल्याची उंची रुंदीच्या किती पट? त्या मापाने खुणा करायच्या. मग काठाचा लंबगोल आणि तळाचा लंबगोल, दोन्ही पूर्ण, तळाची न दिसणारी मागची बाजूसुद्धा. ती नंतर खोडता येते. लंबगोल मनगटातून न काढता खांद्यातून हात फिरवून काढू द्या, आधी हवेत दोन-चार फेऱ्या, मग पेन्सिल टेकवायची. टोकं पानासारखी अणकुचीदार झाली तर तेवढं दाखवा. तिथेही वळण गोलच असतं. शेवटी दोन बाजू जोडल्या की पेला उभा राहतो.

पेला जमला की खोकं. बिस्किटाचा पुडा कोपरा मुलाकडे करून ठेवा. सुरुवात सगळ्यात जवळच्या उभ्या कडेपासून. तिच्या वरच्या टोकातून दोन कडा मागे जातात, खालच्या टोकातूनही दोन. प्रत्येकीचा उतार पेन्सिल आडवी धरून तपासायचा. पुडा नजरेखाली असेल, तर या कडा मागे जाताना कागदावर वर चढतात, आणि खालच्या कडा वरच्यांपेक्षा जास्त चढतात. पेल्याचाच नियम. उभ्या कडा उभ्याच ठेवायच्या. पर्स्पेक्टिव्ह, लोपबिंदू (मागे जाणाऱ्या रेषा दूरवर जिथे मिळताना दिसतात तो बिंदू) वगैरे नवव्या वर्षी सांगू नका. एवढ्याशा पुड्यात रेषा किती जवळ येतात ते तसंही जेमतेम जाणवतं.

छटा सगळ्यात शेवटी. क्लासमध्ये उलटं चालतं, आकार चुकलेला असतो आणि त्यावर बोटाने काजळी पसरवणं सुरू. एकच दिवा बाजूला ठेवा, बाकीचे बंद करा, आणि तीनच छटा मागा: उजळ, मधली, गडद. एचबी आणि ४बी या दोन पेन्सिली पुरे. स्टीलचं भांडं सुरुवातीला टाळा, त्यात अख्खं घर चमकतं आणि मूल गोंधळतं. मातीची कुंडी उत्तम. कुंडीवर सगळ्यात गडद पट्टा कडेला नसतो, कडेच्या जरा आत असतो, कारण टेबलावरून परतलेला उजेड कडेला लागतो. आणि टेबलावर पडलेली सावली तळाला चिकटूनच सुरू झाली पाहिजे, नाहीतर कुंडी हवेत तरंगते.

एक सांगते, मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल चालवू नका. काही दाखवायचं असेल तर शेजारी वेगळा कागद घ्या.

पुढे एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, बसवायचा विचार असेल तर वस्तुचित्राचा पेपर असतोच. तिथे मांडणी एकच, पण प्रत्येकाची बसायची जागा वेगळी, त्यामुळे पाठ केलेला तांब्या तिथे चालत नाही. व्हिडिओ मात्र बंद करू नका, त्यातून रेघेवर हात बसतो. फक्त व्हिडिओतलं काढून झालं की तसंच खोकं टेबलावर ठेवा आणि विचारा, 'यातलं काय वेगळं दिसतंय?'