एकूण परिणाम सार्थक नसेल, तर मध्यस्थी तपासू नये का?

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. लघुप्रबंधासाठी म्हापशातील बारावीच्या 160 विद्यार्थ्यांकडून एकदाच प्रश्नावली भरून घेतली आहे. रात्रीच्या मोबाइल वापरामुळे झोप कमी होते आणि त्यातून परीक्षेची चिंता वाढते, असे माझे गृहीतक आहे. एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये मोबाइलचा चिंतेवरील एकूण परिणाम 0.06 आला, पण तो सार्थक नाही, म्हणजे निव्वळ योगायोगानेही तेवढा येऊ शकतो. त्यामुळे मध्यस्थी, म्हणजे हा परिणाम झोपेमार्फत होतो का हे, तपासण्यात अर्थ नाही, असे माझे मार्गदर्शक म्हणतात. परंतु एसपीएसएसला जोडून वापरायच्या प्रोसेस या साधनात झोपेमार्फत होणारा परिणाम 0.15 आणि त्याचे 95 टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याची अपेक्षा असते ती व्याप्ती) 0.04 ते 0.28 असे दिसते. यातले काय ग्राह्य धरावे?
— एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे निराधार नाही. रूबेन बॅरन आणि डेव्हिड केनी यांनी 1986 मध्ये मांडलेल्या, मध्यस्थी तपासण्याच्या पायऱ्यांतील पहिली अट तीच होती आणि संशोधकांच्या कित्येक तुकड्या त्याच पायऱ्या शिकून तयार झाल्या. आज मात्र ती अट आवश्यक मानली जात नाही, आणि त्याचे कारण आपल्याच आकड्यांत आहे. मोबाइलचा वापर एक तासाने वाढला की झोप अर्ध्या तासाने घटते (−0.50), आणि झोप एक तासाने घटली की चिंता 0.30 गुणांनी वाढते, असे आपल्या सोबतच्या तक्त्यात दिसते. या दोहोंचा गुणाकार म्हणजे 0.15 हा अप्रत्यक्ष परिणाम. एकूण परिणाम 0.06 असल्याने प्रत्यक्ष, म्हणजे झोपेमार्फत न होणारा, परिणाम −0.09 उरतो, म्हणजे दोन वाटा एकमेकींविरुद्ध ओढत आहेत आणि बेरजेत दोन्ही झाकल्या जात आहेत. हा −0.09 स्वतः सार्थक आहे की नाही, हे तपासल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये.

मध्यस्थीचा निवाडा त्या गुणाकारावरच करावा. दोन अंदाजांच्या गुणाकाराचे वितरण सहसा सममित (दोन्ही बाजूंना सारखे) नसते. 1982 पासून प्रचलित असलेली सोबेल चाचणी ते प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचे आणि सममित, मानते, म्हणून लहान नमुन्यात ती खरा परिणाम निसटू देते. अँड्र्यू हेज यांच्या प्रोसेसमधील चौथे प्रारूप ते गृहीत धरत नाही. त्याची रीत अशी : आपल्या 160 अर्जांतून एकेक अर्ज उचलायचा, नोंद करून परत ठेवायचा, असे 160 वेळा करून गुणाकार काढायचा आणि हे सारे 5000 वेळा करायचे. मग सर्वांत लहान 125 आणि सर्वांत मोठी 125 उत्तरे बाजूला काढली की उरते ते विश्वासांतर. आपल्या विश्वासांतरात शून्य येत नाही, तेव्हा अप्रत्यक्ष परिणाम मांडण्यास हरकत नाही. ‘पूर्ण मध्यस्थी’ (सगळा परिणाम झोपेमार्फतच होतो) हा शब्द मात्र टाळावा, कारण प्रत्यक्ष परिणाम सार्थक नसणे म्हणजे तो नसणे नव्हे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. तिन्ही गोष्टी आपण एकाच दिवशी विचारल्या आहेत. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेला मुलगा रात्री दोन वाजता मोबाइल हातात घेतो, हा उलटा क्रमही याच आकड्यांत बसू शकतो, आणि कोणतेही सॉफ्टवेअर या दोघांत निवड करून देत नाही. घरातील ताणासारखे एखादे कारण झोप आणि चिंता दोन्हींवर परिणाम करत असेल, तर 0.30 हा आकडाही फुगलेला असू शकतो. त्याविषयी माहिती घेतली असल्यास ती सहचल (विश्लेषणात सोबत विचारात घ्यायचा घटक) म्हणून अवश्य घालावी. शक्य असल्यास त्याच विद्यार्थ्यांकडे पुन्हा जाऊन चिंता मोजावी. ते जमणार नसेल, तर निष्कर्षात ‘झोपेमुळे’ऐवजी ‘झोपेमार्फत संबंध आढळतो’ असे लिहावे, आणि सीडचा (संगणकाची यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो) आकडा नोंदवावा, म्हणजे परीक्षकांनी पुन्हा चालवून पाहिले तरी हेच विश्वासांतर मिळेल.