विडाल धरायची की टायफीडॉट?

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, चौथा दिवस झाला तरी ताप उतरत नाही. एका लॅबने विडालमध्ये ‘ओ १:८०’ लिहून टायफॉइड सांगितला. दुसरीकडे टायफीडॉट निगेटिव्ह आली. कोणता रिपोर्ट खरा धरायचा? – एक पालक, चोपडा

उत्तर : चौथ्या दिवशी दोन्हींवर विसंबू नका. या तपासण्या जंतू शोधतच नाहीत. शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधतात, आणि ती रक्तात पुरेशी यायला आठवडाभर लागतो. त्यामुळे निगेटिव्ह टायफीडॉटने टायफॉइड नाही असं ठरत नाही. उलट आपल्याकडे टायफॉइड नेहमीचाच, म्हणून ठणठणीत माणसातही ‘ओ १:८०’ सापडतं (‘ओ’ हा जंतूच्या अंगावरचा एक भाग; १:८० म्हणजे सीरम, अर्थात रक्तातला पातळ भाग, ऐंशीपट पातळ केलं तरी त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं दिसली). मलेरियातही विडाल खोटी पॉझिटिव्ह येते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहता, तेव्हा मलेरियाची तपासणी आधी करा. विडाल करायचीच तर आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा; आकडा चौपट झाला तरच त्याला अर्थ.

जंतू प्रत्यक्ष दाखवते ती ब्लड कल्चर, म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत ठेवून त्यातले जंतू वाढवणं. रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी घ्यावं. मोठ्यांचं ८ ते १० मिली. मुलांचं वजनानुसार कमी, आणि बाटलीही मुलांची वेगळी. जळगावला पाठवायची बाटली ‘खराब होईल’ म्हणून बर्फात ठेवतात, ती चूक. गारठ्याने जंतूंची वाढ खुंटते. जंतू वाढले की ऑटोमॅटिक यंत्र बहुधा दोन दिवसांत इशारा देतं, निगेटिव्ह म्हणायला मात्र पाच दिवस थांबावं लागतं. दहापैकी सुमारे चार रुग्णांत कल्चरही हुलकावणी देते. तरी औषध कोणतं लागू पडेल, हे तिच्यातूनच कळतं; सिप्रोफ्लॉक्सासिनला हा जंतू आता बहुधा दाद देत नाही.

प्रश्न : मे महिन्यात स्लाइड विडाल (काचेवर थेंब मिसळून केलेली) जास्तच पॉझिटिव्ह येतात. किट बिघडलं असेल का? – लॅब तंत्रज्ञ, शहादा

उत्तर : आधी डोक्यावरचा पंखा बंद करा. त्या उन्हाळ्यात थेंबाची कड बघता बघता सुकते आणि सुकलेली कड दाणे धरल्यासारखी, म्हणजे पॉझिटिव्ह, दिसते. घड्याळ लावून बरोबर एका मिनिटाला वाचा. अँटिजन (किटमधला मेलेल्या जंतूंचा द्रव) २ ते ८ अंशांत ठेवा, वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला आणून हलवा. फ्रीजरमध्ये गोठलेली बाटली फेकून द्या. नुसत्या सलाइनमध्येही अँटिजनचे दाणे धरले, तर दोष किटचा. पिपेटही तपासा : स्लाइडवर २० मायक्रोलिटर सीरम म्हणजे १:८०, १० म्हणजे १:१६०. तेव्हा थेंब जरा जाड पडला तरी रिपोर्ट बदलतो. पॉझिटिव्ह नमुना ट्यूबमध्ये ३७ अंशांवर रात्रभर ठेवून पुन्हा करा, मगच सही करा.