वीस वर्षांतली सव्वातीन वर्षं

प्रिय पोरी,

परवा जिन्यात तू विचारलंस, "काका, आमचा पक्ष ना महापालिकेत सत्तेत, ना मंत्रालयात. निवडून आले तरी मी करू काय?" तेव्हा मी उद्या बोलू म्हणालो आणि दोन रात्री तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. तोंडी सांगायला बसलो असतो तर भाषण झालं असतं, म्हणून लिहितोय.

तुझं आजोळ कुडाळचं, तेव्हा तिथल्याच खासदाराबद्दल सांगतो. मधू दंडवते १९७१ ते १९९१ राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. सलग पाच निवडणुका जिंकले. त्यातली १९८४ची आठव. इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसच्या चारशेच्या वर जागा आल्या, विरोधकांतली भलीभली मंडळी पडली. राजापूरने मात्र दंडवत्यांनाच परत दिल्लीला पाठवलं. माणूस मूळचा नगरचा आणि मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा. म्हणजे कोकणाला बाहेरचाच.

आता हिशेब कर. मार्च १९७७ ते जुलै १९७९ रेल्वेमंत्री. डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० अर्थमंत्री. म्हणजे वीस वर्षांत सत्ता मिळाली ती सव्वातीन वर्षं. उरलेला सगळा काळ विरोधी बाकावर, आणि त्यातले कितीतरी महिने तुरुंगात. आणीबाणी लागली तेव्हा ते संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळुरात होते. वाजपेयी आणि अडवाणीही तिथेच होते. तिघांनाही तिथेच उचललं. इकडे त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला या विरोधातल्या वर्षांत दिसतं. मंत्रिपदाचं सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम त्यांच्या काळात आला, १९७४च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेले कामगार परत कामावर घेतले गेले, पहिला वर्गच नसलेली गीतांजली एक्सप्रेस १९७७च्या डिसेंबरात सुटली. तू गावाला जाताना ज्या बर्थवर पाठ टेकतेस तिथपर्यंत तो निर्णय येऊन पोहोचलाय. पण खुर्ची मिळाल्यावर अडीच वर्षांपेक्षा कमी वेळात हे झालं, कारण फायली आतून कशा हलतात आणि कुठे अडतात, हे त्यांनी खुर्चीसमोर उभं राहून प्रश्न विचारताना शिकून घेतलं होतं.

संसदेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारायचा तर पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. दिवसाला फक्त वीस तारांकित प्रश्न यादीत येतात, तेही सोडतीने, आणि प्रश्नोत्तराच्या तासात वेळ पुरत नाही म्हणून त्यातलेही बरेच तोंडी चर्चेला येत नाहीत. खरी परीक्षा पुरवणी प्रश्नाची. मंत्री उत्तर वाचून बसला की त्या उत्तरातली फट तिथल्या तिथे सापडायला हवी. घरून अभ्यास करून गेलेल्यालाच ती सापडते. लोकसभेच्या जुन्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. दंडवत्यांच्या वाच. रील बघतेस त्यातला रोजचा अर्धा तास दे.

हे मी स्वतः उशिरा शिकलो. ऐंशीच्या दशकात कळव्याच्या आम्ही सहा जणांनी सकाळच्या गाड्या वाढवा म्हणून निवेदन लिहिलं. ते घेऊन रेल्वेच्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी शांतपणे विचारलं, "आठ ते नऊ या वेळात किती माणसं चढतात?" मी म्हणालो, "हजारो." त्यांनी कागद बाजूला ठेवला. चूक माझी होती. पुढचे आठ दिवस आम्ही पाळीपाळीने पुलावर वही घेऊन उभे राहिलो, गाडीगणिक आकडे लिहिले. मागणी तेव्हाही लगेच मान्य झाली नाही, पण या वेळी आम्हाला बसायला खुर्ची मिळाली आणि साहेबांनी वही स्वतःकडे ठेवून घेतली.

कोकण रेल्वेचंही असंच रेटून झालं. दंडवत्यांच्या आधी राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै होते. १९५७पासून तीनदा निवडून आले, १९७१च्या जानेवारीत गेले. मागणी त्यांचीही होती. ठाण्याला गाडी १८५३ला आली. कोकणातली माणसं मात्र त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं समुद्राने नाहीतर घाटातून. मीही खोपटच्या स्टँडवरून रात्रीची एसटी धरायचो. कशेडीचा घाट आला की मागच्या बाकांवरची पोरं ओकायला लागायची. रेल्वे आपट्यावरून रोह्याला पोहोचायलाच १९८६ उजाडलं. पुढे १९९०ला दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा योग आला. त्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ भागीदार झाले, रोख्यांतून पैसा उभा राहिला. सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली. नोव्हेंबरात सरकार पडलं. दोन महिने उशीर झाला असता तर? मला अजून या विचाराने धडधडतं.

आणि १९९१ला राजापुरात दंडवते पडले. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, एक्क्याण्णव बोगदे. हा मार्ग देशाला अर्पण झाला १ मे १९९८ला. तेव्हा ते त्या मतदारसंघाचे खासदार नव्हते. हे तुला मुद्दाम सांगतोय. तुझं काम पुरं होईल तेव्हा फीत कापायला तू असशीलच असं नाही. हे आत्ताच पचव, नाहीतर या वाटेला येऊ नकोस. मला वाईट वाटेल, पण तेच बरं.

यायचंच असेल तर तिकिटामागे धावण्याआधी एक काम कर. महापालिकेचं चालू अंदाजपत्रक आणि मागच्या वर्षभरातल्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मिळव. दिली नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. आपल्या प्रभागापुरतं बघ: नाल्यावर किती तरतूद होती, किती खर्ची पडली, ठेका कधी निघाला, काम कुठवर आलं. मग नाल्यावर जा, स्वतःच्या डोळ्यांनी बघ, लांबी मोज. शेजारच्या आजींना विचार की जुलैत पाणी कुठपर्यंत चढतं, भिंतीवरची खूण दाखवतील. त्यातून एकच प्रश्न तयार कर, चार ओळींत. सत्ताधारी नगरसेवक असो की आयुक्त, उत्तर देताना त्याला कागद उघडावा लागेल असा.

एक विषय निवड आणि धरून ठेव. रोज नव्या विषयावर व्हिडिओ टाकू नकोस. विरोधकांशी भांडताना भाषा सांभाळ. ज्याच्याशी आज भांडतेस त्याचीच सही उद्या लागणार आहे.

प्रश्नाचा कच्चा मसुदा रविवारी सकाळी आणून दे. मी लाल पेनाने तपासतो, आणि मला आकडा विचारला की तुझ्या वहीतून पान काढून दाखवायची तयारी ठेव. चहा काकू करेल.

तुझा,
वरच्या मजल्यावरचा काका
कळवा, ठाणे