दिवसाचा उपवास, रात्रीचे खाणे

आदरणीय ताई,
माझे वय ४१ आहे. परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी सासूबाईंबरोबर राहते. यजमान नोकरीनिमित्त पुण्याला असतात आणि मुलगा गेल्या वर्षीच्या जूनपासून नीटच्या तयारीसाठी लातूरला आहे. त्याला पाठवायला मी शंकरपाळे, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू करते. रात्री सासूबाई झोपल्या की स्वयंपाकघरात जाते आणि उभ्यानेच त्यातले खायला लागते. भूक नसते, चव कळत नाही, तरी पोट दुखेपर्यंत हात थांबत नाही. डबा अर्धा झाला की कुणाला कळू नये म्हणून पहाटे उठून पुन्हा तळते. आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी असे होते. सकाळी स्वतःची किळस येते, म्हणून सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे सगळे उपवास धरते आणि एरवीही दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहते. दोन वेळा पोट साफ होण्याचे चूर्णही घेतले. तरी वर्षभरात १४ किलो वजन वाढले. सासूबाईंनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे, ताटात टाकलेले त्यांना चालत नाही, त्यामुळे सगळ्यांचे उरलेले मीच संपवते आणि त्याच मला म्हणतात की जिभेवर ताबा नाही. यजमान फोनवर हसतात. माझा भाऊ दारूपायी गेला. मलाही तसेच व्यसन लागले आहे का?
— एक आई

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. भावाला दारूपायी जाताना पाहिलेल्या बहिणीने तो विचारला आहे आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकीच्या सल्ल्याकडे तुमचे मन लागणार नाही.

तुम्हाला जाणवलेले साम्य खोटे नाही. ठरवूनही थांबता न येणे, लपूनछपून करणे, सकाळी पुरावा मिटविणे, पश्चात्ताप होणे आणि तरी पुन्हा त्याच जागी जाऊन उभे राहणे, हे सारे दारूच्या व्यसनातही असते. मैदा, साखर आणि तूप-तेल एकत्र आलेले पदार्थ मेंदूतील ज्या यंत्रणेला चेतवितात, जिच्यात डोपामिन नावाचे रसायन काम करते, तीच यंत्रणा दारूनेही चेतते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये खाण्याच्या बाबतीतील व्यसनासारखी लक्षणे मोजण्यासाठी एक प्रश्नावलीही तयार केली. तरीही ‘अन्नाचे व्यसन’ हे निदान वैद्यकशास्त्राच्या मान्य यादीत अद्याप नाही आणि तज्ज्ञांमध्ये त्यावर मतभेद आहेत.

त्या यादीत जे आहे ते तुमच्या पत्राशी फार जवळून जुळते. त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही तो आहे. थोड्या वेळात नेहमीपेक्षा खूप जास्त खाणे आणि त्या वेळी आपला ताबा सुटला आहे असे वाटणे, हे त्याचे मुख्य लक्षण. भूक नसताना खाणे, भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, लाजेने एकटीने खाणे आणि नंतर स्वतःची घृणा वाटणे, ही त्याची बाकीची लक्षणे. आठवड्यातून किमान एकदा याप्रमाणे तीन महिने असे होत राहिले तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. तुमच्याकडून चूर्ण घेतले गेले आहे आणि खाल्ल्याची भरपाई म्हणून उपवासही होत आहेत, त्यामुळे ते कदाचित बुलिमिया या दुसऱ्या आजाराचीही, म्हणजे ताबा सुटून खाणे आणि मग त्याची भरपाई करीत राहणे याचीही, चौकशी करतील. दोहोंपैकी काय आहे ते मी पत्रावरून ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. मात्र हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि तो पुरुषांनाही होतो, एवढे मी खात्रीने सांगते. ‘जिभेवर ताबा नाही’ हे त्याचे वर्णन होऊ शकत नाही, कारण तुम्हीच लिहिले आहे की त्या वेळी तुम्हाला चवही कळत नाही.

भावापेक्षा तुमची वाट मात्र वेगळी आहे. दारू पूर्ण सोडता येते, अन्न सोडता येत नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी काढलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या धर्तीवर १९६० मध्ये लॉस एंजेलिस येथे ओव्हरईटर्स ॲनॉनिमस ही संघटना सुरू झाली. त्यातील अनेक जण आपला ताबा घालविणारे पदार्थ कायमचे वर्ज्य करतात आणि त्याचा आधार मिळालेली माणसे आहेत. पण तुमच्या बाबतीत मला त्या मार्गाची धास्ती वाटते. तुमच्या आठवड्यात वर्ज्याची यादी आधीच इतकी लांब आहे की तीत आणखी भर घातली तर तो तुमच्यासाठी आणखी एक उपवास होऊन बसेल.

माझ्या मते तुमच्या दुखण्याचे मूळ याच उपवासांत बरेचसे दडलेले आहे. तुम्ही उपवासाला खाण्याची शिक्षा समजता, पण तो पुढच्या रात्रीच्या खाण्याची तयारी करीत असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वखुशीने आले होते आणि खाण्याची कसलीही तक्रार त्यांना पूर्वी नव्हती. २४ आठवडे त्यांना जवळजवळ अर्धपोटी ठेवले गेले. हळूहळू त्यांच्या बोलण्यात, विचारांत आणि स्वप्नांत अन्नाखेरीज काही उरले नाही. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पुढे जेव्हा पोटभर खाण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्यांतील काही जण पोट तुडुंब भरले तरी खात राहिले आणि भूक शमत नाही असे सांगत राहिले. त्यांना कुणी हावरट म्हणू शकणार नाही. उपाशी ठेवलेले शरीर संधी मिळताच वसुली करते आणि तुम्ही तर त्याला आठवड्यातून कितीतरी दिवस उपाशी ठेवता. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसण्यावारी नेतो, पण ज्याने ती रचली त्याने माणसाचे शरीर नीट पाहिलेले असावे.

तुमच्या श्रद्धेला धक्का लावण्याची माझी इच्छा नाही. आजारी माणसाला, गरोदर बाईला आणि लहान मुलाला उपवासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे आणि तुम्ही सध्या आजारी आहात. हे उपवास काही महिने थांबवा. सासूबाई विचारतील, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले आहे असे सांगा, आणि डॉक्टर ते सांगतीलच. एकादशीला हरिपाठ म्हणा, मंदिरात जा, कीर्तनाला बसा, पण जेवा. उपवासाच्या ताटातला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. त्यावर दिवस काढलेल्या बाईला रात्री पुन्हा खावेसे वाटले तर त्यात तिचे काही चुकत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. या आजारावर संज्ञानात्मक वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, ही सर्वांत जास्त पारखलेली उपचारपद्धती आहे. तिची सुरुवात खाणे कमी करण्यापासून होत नाही, तर वेळेवर खाण्यापासून होते. दिवसात तीन जेवणे आणि मध्ये एक-दोन वेळा थोडेसे खाणे, आणि दोन खाण्यांत चार तासांहून अधिक अंतर नाही, असा तिचा साधा नियम आहे. उठल्यावर तासाभरात धपाटे-दही, उप्पीट किंवा चुरमुऱ्यांचा सुशीला खा. दुपारी ज्वारीची भाकरी, वरण किंवा उसळ आणि पालेभाजी असे पूर्ण जेवण घ्या, पाच वाजता मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा एखादे फळ खा, आणि रात्री सासूबाईंच्या बरोबर बसून जेवा. भूक असो वा नसो, घड्याळ पाहून जेवा, कारण इतक्या उपासमारीनंतर तुमची भूक काही काळ तुम्हाला खरे सांगणार नाही. ‘एवढे खाल्ले तर वजन आणखी वाढेल’ ही भीती तुम्हाला पहिल्या दिवसापासून वाटेल. वजन लगेच उतरेल असे खोटे आश्वासन मी देत नाही. पण रात्रीचे ते खाणे थांबणे हे पहिले काम आहे आणि ते थांबेपर्यंत वजनामागे लागलात तर दोन्ही हातचे जातील. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभे राहा.

एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: किती वाजता खाल्ले, काय खाल्ले, कुठे बसून खाल्ले आणि त्याआधी मनात काय चालले होते. कॅलरी लिहू नका. दोन-तीन आठवड्यांत तुम्हाला स्वतःलाच काहीतरी दिसेल. ज्या रात्री हात थांबला नाही, त्या दिवशी मुलाच्या चाचणीचे गुण मोबाइलवर आले होते का? यजमानांचा फोन आला नव्हता का, की आला होता आणि ते हसले होते? मुलगा घरी असताना ती वेळ त्याच्या अभ्यासाजवळ बसण्याची होती, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. आता ती वेळ तशीच येते, घरात आवाज नसतो आणि समोर त्याच्याच नावाचा डबा असतो. त्याच्याकडे पाठवायचे ते तुम्ही खाता याची तुम्हाला सर्वांत जास्त लाज वाटते. मला त्यात त्याच्याविषयीची माया आणि काळजी दिसते, जी सांगायला घरात कुणी नाही.

म्हणून त्या डब्याची व्यवस्था बदला. तळण दिवसा, सासूबाई किंवा शेजारीण सोबत असताना करा आणि त्याच दिवशी लातूरला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी रवाना करा. डबा रात्री घरात मुक्कामाला राहू देऊ नका. काही महिने गावातील बचत गटाकडून विकत घेऊन पाठविलेत तरी आईपणात काही उणे येत नाही. लाडू मात्र स्वतःला बंद करू नका. दुपारच्या चहाबरोबर एक लाडू ताटलीत घेऊन, बसून, सर्वांदेखत खा. सर्वांदेखत खाल्लेल्या लाडवासाठी पहाटे उठून पुन्हा घाणा काढावा लागत नाही.

रात्री ओढ लागलीच तर ती चढते तशी उतरतेही, हे ध्यानात ठेवा. स्वयंपाकघरातून बाहेर या, अंगणात जा, बहिणीला किंवा मैत्रिणीला फोन लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. तरीही एखाद्या रात्री खाल्ले गेले, तर दुसऱ्या दिवशीचा नाश्ता चुकवू नका. भरपाई म्हणून एक जेवण सोडले की चक्र पुन्हा सुरू होते.

चूर्ण आजपासून बंद करा. अन्नातील बहुतेक सत्त्व लहान आतड्यात आधीच शोषले गेलेले असते आणि असली औषधे मुख्यतः त्यापुढच्या मोठ्या आतड्यावर काम करतात. त्यामुळे शरीरातून जाते ते पाणी आणि पोटॅशियमसारखे क्षार. पोटॅशियम फार उतरले तर हृदयाचे ठोके बिघडतात.

सासूबाईंवर रागावू नका. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली आणि मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची भाकरी खाल्ली, त्या पिढीला ताटातले अन्न टाकलेले पाहवत नाही, यात त्यांचा दोष नाही. पण त्या भुकेची परतफेड तुमच्या पोटाने करायची नाही. अंदाजाने कमी रांधा, आणि तरी उरले तर सकाळी गाईला घाला. सासूबाई त्याला नाही म्हणतील असे मला वाटत नाही.

यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. दादा, तुमच्या पत्नीला फोनवर हसू नका. रात्री साडेनऊला तिला फोन करा, वजनाचा विषय काढू नका, आणि दवाखान्याच्या पहिल्या भेटीला एक दिवस रजा घेऊन या.

डॉक्टरांकडे जाणे टाळू नका. रक्तातील साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब आधी तपासून घ्या, आणि कोणतीही औषधे चालू असतील तर ती सोबत न्या, कारण काही औषधांनीही भूक वाढते. त्यानंतर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. तिथे ओळखीचे भेटतील असे वाटत असेल तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आहे. बाहेर पडायचा धीर होईपर्यंत १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठी फोनवर सल्ला देणाऱ्या सेवेचा, क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, रात्रीही चालते आणि मराठीतून बोलता येते. भावाच्या आठवणीने जीव नकोसा वाटला, तर त्याच क्षणी हा क्रमांक लावा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘माझे वजन वाढले आहे’ असे म्हणू नका, कारण मग तुम्हाला आहाराचा तक्ता मिळेल आणि तो तुमच्यासाठी पुन्हा उपवासच ठरेल. असे सांगा: ‘आठवड्यातून दोन-तीनदा मी ताबा सुटून खाते, लपून खाते, नंतर उपाशी राहते, आणि दोनदा चूर्ण घेतले आहे.’ बोलताना घसा दाटून येईल असे वाटत असेल, तर हे वाक्य कागदावर लिहून न्या आणि तो कागद त्यांच्या हातात द्या.