एसी३० चा जुना टोन सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये हवा असेल तर कोणता अँप घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१९ च्या डिसेंबरात नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू२ या रॉक बँडला ऐकलंत, तेव्हापासून त्यांचा गिटारिस्ट द एज याचा व्हॉक्स एसी३० (तीस वॅटचा ट्यूब अँप) वाला टोन डोक्यातून जात नाही. आता सीवूड्सच्या टू-बीएचकेसाठी नवा एसी३० घ्यावा, त्याचा पंधरा वॅटचा भाऊ एसी१५ घ्यावा की ट्यूबऐवजी डिजिटल मॉडेलवर चालणारा बॉस कटाना?

एसी३० घेऊ नका. उरलेल्या दोघांकडे येतोच, पण त्या रात्री तुम्ही एसी३० ऐकलाच नाहीत हे आधी लक्षात घ्या. तुम्ही ऐकलंत ते स्पीकरच्या तोंडाशी लावलेल्या माइकने पकडलेलं आणि स्टेडियमच्या पीएमधून (मोठ्या लाउडस्पीकरांतून) आलेलं. रेकॉर्डवरही तेच असतं. खोलीत अँप जमिनीवर, कान त्याच्या वर आणि बाजूला, माइक मात्र स्पीकरच्या कोनपासून (कागदी शंकूपासून) इंचभर. त्यामुळे एजचा तो १९६४ चा अँप जरी कुणी तुमच्या हॉलमध्ये आणून ठेवला तरी तुमच्या डोक्यातला आवाज त्यातून येणार नाही.

इतकं ठासून सांगायचं कारण, घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर राहणारे एक परिचित. ‘ट्यूब नाही तर टोन नाही’ हे त्यांचं ब्रीद. त्यांनी नवा एसी३० आणला. दोन बारा इंची स्पीकर, चार ईएल८४ पॉवर ट्यूब, वजन बत्तीस किलोच्या घरात. शेजाऱ्यांच्या धाकाने मास्टर व्हॉल्यूम जेमतेम हललेला आणि टॉप बूस्ट चॅनलचा व्हॉल्यूम चढवलेला. आवाज बारीक, चिरका, डब्यातून आल्यासारखा. मग संशय ट्यूबवर. चारही ईएल८४ बदलल्या, फरक शून्य. मग ओव्हरड्राइव्ह पेडल, त्याच्यापुढे ईक्यू पेडल, सरतेशेवटी अँप आणि स्पीकरच्या मधे बसून आवाज कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर. आवाज जाड झाला, पण चकाकी आली नाही.

येणार कुठून? या सर्किटात पॉवर ट्यूब कॅथोड-बायस्ड असतात (स्वस्थ असतानाचा करंट आपोआप ठरतो) आणि निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत फिरवून आवाज साफ ठेवणं) नसतो. म्हणून या अँपचा आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू फाटतो. जोरात छेडलं की आवाज दाबला जातो, हात हलका केला की पुन्हा साफ. हे सगळं पॉवर स्टेजवर, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या टप्प्यावर, ताण आला आणि स्पीकरचा कागद नीट हलला की मगच. मास्टर खाली ओढला की फाटतो तो त्याच्या आधीचा टप्पा, प्रीअँप, पॉवर स्टेज निवांत बसून राहते. अ‍ॅटेन्युएटर पॉवर स्टेजला कामाला लावतो, पण स्पीकरचं आणि कानाचं काय? आवाज जितका लहान तितका खर्ज आणि अगदी वरची धार कानाला कमी ऐकू येते. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे आलेख १९३३ मध्येच काढून ठेवलेत. ‘क्लास ए म्हणून गोड वाजतो’ वगैरे जे सांगितलं जातं ते जाहिरातीतलं. क्लास ए म्हणजे पॉवर ट्यूब कधीच बंद न पडणारी जोडणी, आणि पूर्ण आवाजावर एसी३० क्लास ए राहत नाही. कॅथोड बायस आणि फीडबॅकचा अभाव, खरी करामत या दोघांची. नुसती ईएल८४ असून भागत नाही याचा पुरावा फेंडर ब्लूज ज्युनिअर: त्यातही दोन ईएल८४ आहेत, पण बायस फिक्स्ड (बाहेरून ठरवलेला) आणि टोन कंट्रोल फेंडरच्या वळणाचे, त्यामुळे तो व्हॉक्ससारखा वाजत नाही.

हे गृहस्थ हे उत्तर वाचणार याची मला खात्री आहे. ‘पंधरा वॅट म्हणजे अर्धाच आवाज’ असं ते अजून म्हणतात, म्हणून हिशेब मांडतो. वॅट अर्धे केले की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला निम्मा वाटायला वॅट दहापट कमी करावे लागतात. सेलेस्टिअन ग्रीनबॅक या स्पीकरची संवेदनशीलता ९८ डेसिबल, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ९८. पंधरा वॅटला साधारण ११०, तीसला ११३. वॅटचा दहावा हिस्सा दिला तरी ८८. आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. तीस की पंधरा हा वाद फ्लॅटमध्ये निरर्थक आहे, एका वॅटचा ट्यूब अँपसुद्धा भिंतीपलीकडे जातो. उलट सेलेस्टिअन ब्लू हा स्पीकर १०० डेसिबलचा, म्हणजे नुसता स्पीकर बदलून २ डेसिबल फुकट मिळतात. वॅट मोजणारे स्पीकरकडे बघतच नाहीत.

तर फ्लॅटसाठी: ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा), एसी३० चं सॉफ्टवेअर मॉडेल, दोन बारा इंची सेलेस्टिअन ब्लूचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) आणि बंद पाठीचे हेडफोन. आयआरमध्ये स्पीकर आणि माइक दोन्ही आधीच पकडलेले असतात, म्हणजे तुमच्या डोक्यातला तो माइकपुढचा आवाज. गिटारची वायर इंटरफेसच्या हाय-झी (गिटारसाठीच्या) इनपुटलाच लावा. माइक किंवा लाइन इनपुटला लावलीत तर पिकअपवर भार पडतो आणि ट्रेबल तिथेच मरतो. मग लोक मॉडेलला शिव्या घालतात. सॉफ्टवेअरमधला बफर १२८ सॅम्पल ठेवा, ४८ किलोहर्ट्झला त्याने होणारा उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास असतो. जाण्या-येण्याचं धरलं तरी हाताला जाणवत नाही. आयआर एसएम५७ या माइकचा घ्या, माइक डस्टकॅप (स्पीकरच्या मधली टोपी) आणि कोनच्या सांध्यावर असलेला. मधोमधचा कान किटवतो, कडेचा मंद वाटतो. त्यानंतर खालून ८० ते १०० हर्ट्झ आणि वरून ७ ते ८ किलोहर्ट्झ कापा.

मॉडेल असो वा खरा अँप, टॉप बूस्टवर लोक एक गोष्ट हटकून चुकतात. बास आणि ट्रेबल दोन्ही चढवले की मधला आवाज खड्ड्यात जातो आणि बँडमध्ये गिटार गायब होते. दोन्ही निम्म्याच्या खालून सुरू करा, बास तर तिसऱ्या हिश्श्यावर. कटचा नॉब उलटा चालतो: उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी. तो निम्म्यावर ठेवून मग ट्रेबल हवा तितका वाढवा. व्हॉल्यूम असा लावा की गिटारचा नॉब सातवर असताना आवाज साफ राहील आणि दहावर धार फाटेल.

आणि तुम्हाला हवा असलेला अर्धा टोन अँपमध्ये नाहीच, डिलेमध्ये, म्हणजे सूर प्रतिध्वनीसारखा पुन्हा ऐकवणाऱ्या इफेक्टमध्ये आहे. डॉटेड एट्थचा (पाऊण ठोक्याचा) वेळ काढायला ४५,००० ला बीपीएमने (मिनिटाला किती ठोके त्याने) भागा: १२० ला ३७५ मिलिसेकंद, १३० ला ३४६. दोन-तीन पुनरावृत्ती पुरे, पहिली मूळ सुरापेक्षा थोडीच खाली. डिले अँपच्या आधी लावा. जुन्या एसी३० ला इफेक्ट्स लूप (प्रीअँप आणि पॉवर स्टेजच्या मधे इफेक्ट जोडायची सोय) नव्हता, त्यामुळे पुनरावृत्तीसुद्धा अँपमधून किंचित फाटून येते, आणि तीच खरी गंमत. नव्या अँपला लूप दिलाय म्हणून तिथे लावलात तर सगळं गुळगुळीत होतं. एज हर्डिम कंपनीचं पिक उलटं धरतो, खडबडीत बाजू तारेला लागते. पिकचे पैसे फार नाहीत, हा प्रयोग आधी करा.

आता कटाना. वाईट नाही. अर्ध्या वॅटचं सेटिंग आहे, हेडफोन जॅक आहे, मॉडेल क्रंचवर लावून वरचे नियम पाळले की काम भागतं. रात्री नुसतं बोटं फिरवायला व्हॉक्सचा अँपप्लग एसी३० हा छोटा हेडफोन अँप गिटारच्या जॅकमध्ये खोचला तरी पुरे.

एसी१५ कधी? वाशीला किंवा ठाण्याला जॅमरूम पक्की असेल, ड्रमर खरा असेल आणि अँप तिथेच ठेवता येणार असेल तेव्हा. स्टेजवर माइक लागतोच, त्यामुळे पंधरा वॅट कमी पडत नाहीत. एकच गोष्ट मान्य करतो: ड्रमर दणदणीत, पीए नाही आणि गिटार अगदी साफ हवी, अशा वेळी एसी३० चा फायदा आहे. त्या गृहस्थांनी एवढं म्हटलं असतं तर वाद झालाच नसता.

घेतलातच तर काही गोष्टी. पाठ भिंतीला चिकटवू नका. ईएल८४ या अँपमध्ये स्वस्थ असतानाही मर्यादेच्या काठावर चालतात आणि मे महिन्यात ती उष्णता बाहेर पडायला जागा लागते. ट्यूबचा मॅच केलेला संच घ्या. कॅथोड बायस असल्यामुळे बदलल्यावर बायस लावायची गरज नाही. पण एखाद्या ट्यूबची प्लेट लालभडक दिसली तर ताबडतोब बंद करा; ट्यूब तरी गेलीय किंवा कपलिंग कपॅसिटर गळतोय. स्पीकर न जोडता चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. पावसाळ्यात करकर आली तर जॅक आणि ट्यूबच्या सॉकेटवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बाइकच्या साखळीचा स्प्रे नव्हे. हे करताना वायर काढलेली असू द्या, आणि चेसिस उघडायचं काम जाणकाराकडेच द्या, कारण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका व्होल्टेज असतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मागवत असाल तर मागची पाटी आधी वाचायला सांगा. १२० व्होल्टचा अँप इथल्या २३० ला लावला तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो. तो गेला म्हणून मोठा घातला की ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर पाटीवरच्या वॅटच्या दुप्पट व्हीएचा घ्या. हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर चालत नाही. पाटीवर ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं हवं. नुसतं ६० असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो.

गिटार कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत. सिंगल कॉइल पिकअपची असेल आणि घरात गोल फिरवायचा, डिमर जातीचा फॅन रेग्युलेटर असेल तर पंखा मधल्या वेगावर असताना भुणभुण येणारच. त्याचा दोष अँपला देऊ नका. पंखा पूर्ण वेगावर ठेवा, नाहीतर इलेक्ट्रिशियनला सांगून कपॅसिटर-स्टेपवाला रेग्युलेटर बसवून घ्या.