‘सेट’ म्हणजे संच, पण दर वेळी नाही

माझी भाची निफाडला असते आणि घरबसल्या इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. गेल्या आठवड्यात तिनं द्राक्षबागायतदारांसाठी छापलेल्या एका पत्रकाचा फोटो पाठवला. पत्रक औषधाच्या एका कंपनीचं, भाषांतर दुसऱ्याच कुणी केलेलं. त्यात वाक्य होतं, ‘मण्यांच्या संचाच्या वेळी पाण्याचा ताण टाळा.’ खाली तिचा प्रश्न : ‘मामा, मूळ इंग्रजीत इथे बेरी सेट आहे. बाबा बागेत सेटिंग म्हणतात, आई दही सेट झालं म्हणते, शाळेत आम्ही संच शिकलो. सेटला मराठीत नेमका शब्द कोणता? एकच सांग.’

एकच सांगता येत नाही. का येत नाही, ते कळलं की पुढची पन्नास भाषांतरं सोपी जातील, म्हणून तिलाच जरा सविस्तर लिहितो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, २० खंडांची. त्यात सगळ्यात लांबलचक नोंद होती ती या एवढ्याशा ‘सेट’ची. सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले होते आणि अर्थ दिले होते ४३०. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’नं त्याला मागं टाकलं, त्या क्रियापदाचे अर्थ ६४५ भरले. तेव्हा एका मराठी शब्दात हे सगळं बसवायचा हट्ट आधी सोडून दे.

पण एक गाठ सुटली तर निम्मं काम होतं. ‘सेट’ हा एक शब्द नाहीच, दोन वेगळ्या घराण्यांतले दोन शब्द एकाच रूपात येऊन राहिलेत. कपबश्यांचा सेट, गणितातला सेट, म्हणजे समूह या अर्थाचा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘सेक्टा’ आहे, पंथ किंवा अनुयायांचा मेळा. नववीच्या बीजगणितात पहिलाच धडा ‘संच’ आहे, तो याचाच. इथे संच अगदी चोख. दुसरा ‘सेट’ मात्र अस्सल इंग्रजी क्रियापद, आणि त्याचा संचाशी काही संबंध नाही. पत्रकाचा घोटाळा इथेच झालाय : क्रियापदाच्या जागी नाम उचललं.

हे क्रियापद आलं जुन्या इंग्रजीतल्या ‘सेत्तान’वरून, आणि ते ‘सित्तान’चं, म्हणजे आजच्या ‘सिट’चं, प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. आपण पडणे-पाडणे, बसणे-बसवणे करतो, तसंच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. कारण नातं त्याच्याही मागे जातं. संस्कृतातला ‘सद्’ धातू त्याच कुळातला. सदन, परिषद, उपनिषद हे शब्द त्यातूनच आले, आणि ‘सादयति’ म्हणजे ‘बसवतो’ हा तर सेटचा सख्खा चुलतभाऊ. आपलं बसणे हे बैसणे, त्याआधी ‘उपविश्’ असं दुसऱ्या वाटेनं आलं. वाट वेगळी असली तरी दोन्ही भाषांनी बसण्याकडून जवळजवळ सारखीच कामं करून घेतली.

सराफ बाजारात आपण अंगठीत खडा बसवून घेतो, इंग्रजी माणूस तो सेट करतो. आपल्याकडे तर खड्याभोवतीच्या सोन्यालाही कोंदण असा देखणा शब्द आहे, तिथे त्यांना सेटिंगवर भागवावं लागतं. निखळलेलं हाड आपण बसवतो, ते सेट करतात. मग मराठी त्यांच्याही पुढे जाते. गणपती बसतो, वणीच्या गडावर घट बसतात, हौशी मंडळी नाटक बसवतात. आवाज बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, गाडी केवढ्याला बसली तेही विचारतो. यातल्या बहुतेक जागी इंग्रजीत सेट चालणार नाही. म्हणून ‘सेट म्हणजे बसवणे’ असं समीकरणही पाठ करू नकोस. बसवणे हा पहिला शब्द म्हणून लावून पाहा, एवढंच.

तो जुळला नाही तर दुसरा लावून पाहा : ‘लावणे’. गजर लावतो, घड्याळ लावतो, आग लावतो, कवितेला चाल लावतो. उसात बिबट्या दिसला की वन खातं पिंजरा लावतं. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत बिनदिक्कत सेट येतो. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणे’ची नोंद उघडून बघ, किती लांब चाललीय ती. इंग्रजीला सेटचं जे कौतुक, ते आपल्याला लागणेचं असायला हवं. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नातं लागतं, वेळ लागतो, निकाल लागतो आणि संध्याकाळची दिवेलागण होते. परक्या माणसाला मराठी शिकवताना या एका क्रियापदापाशी महिना जाईल.

आता तुझ्या आईचं दही. तिला माझा निरोप सांग, दही लागतं. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की रात्रभर ठेवूनही सकाळी डब्यात दूधच हलतं. मग आमची आई डबा जुन्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायची, आणि सकाळी झाकण काढून म्हणायची, ‘आज कसं छान लागलंय बघ.’ डबा तिरका केला तरी दही हलायचं नाही. हा शब्द ऐकला की मला ते दही दिसतं. ‘सेट झालं’नं दिसत नाही. हॉटेलातल्या जेलीला, पुडिंगला सेट म्हणा, ते पदार्थच तिकडचे. घरच्या दह्यानं आपला शब्द का सोडावा?

बाकीची भरती पटकन उरकतो. सूर्य मावळतो. तारीख ठरवतात, पेपर काढतात, विक्रम करतात, पाऊल ठेवतात, ताटं मांडतात. छापखान्यातले जुने लोक टाइप सेट करत नसत, खिळे जुळवत, आणि ते काम करणाऱ्याला जुळारी म्हणत. प्राध्यापकीची सेट परीक्षा मात्र यात घेऊ नकोस, ती इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी आहे. आणि ‘त्याची वर सेटिंग आहे’ मधली सेटिंग इथली मराठीच झालीय. तिला इंग्रजीत परत न्यायचं तर तिकडे दुसराच शब्द शोधावा लागेल.

राहिली बाग. तुझ्या बाबांचं ‘सेटिंग’ मी चूक म्हणणार नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटतात, पोंगा म्हणजे मिटलेल्या पानांचा कोवळा कोंब येतो, घड दिसतो, फुलोरा येतो, फुलांवरच्या टोप्या गळतात. त्यानंतर घडातल्या ज्या फुलांचे मणी होतात ते टिकतात, उरलेली झडून जातात. ऐन फुलोऱ्यात पाऊस आला की गळ होते, कूज होते आणि वर्षाची कमाई त्या चार दिवसांत जाते. या नेमक्या अवस्थेला पिंपळगावपासून दिंडोरीपर्यंत सगळे बागायतदार सेटिंग म्हणतात. जो शब्द माणूस जीव मुठीत धरून वापरतो, तो त्याचाच झालेला असतो. तरी आपल्याकडे त्यासाठी जुनं क्रियापदही आहे : धरणे. आंब्याला फळ धरतं, डाळिंबाचा बहर धरतात, मणीही धरतो. ‘मणीधारणा’ हा कृषी पुस्तकांतला शब्द त्याच धरणेला कोट घालून उभा केलेला. पुस्तकात तो शोभतो, बांधावर कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

तेव्हा कंपनीला दुरुस्ती कळवणार असशील तर पत्रकाच्या मथळ्यात ‘मणी सेटिंग’ राहू दे, शेतकरी तेच शोधतो. आतलं वाक्य असं कर : ‘मणी धरत असताना बागेला पाण्याचा ताण बसू देऊ नका.’