आईच्या मेंदूत फुगा: ऑपरेशन करावं की थांबावं?

प्रश्न : आई ६१ वर्षांची आहे. चक्कर येते म्हणून एमआरआय केला, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीवर ४ मिलिमीटरचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम निघाला. सांगलीचे डॉक्टर म्हणतात, सध्या नुसतं लक्ष ठेवू. मामा म्हणतात, फुटायची वाट बघताय का? आईला बीपी आहे, मशेरीही लावते. यंदा वारीत चालायचं म्हणते. रिपोर्टचा फोटो पाठवतो आहे. – एक वाचक, विटा

उत्तर : सांगलीच्या डॉक्टरांचं मला पटतं. शंभरातल्या साधारण तीन प्रौढांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. चक्कर त्याच्यामुळे नसावी. एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्टनुसार फुगा उजव्या मिडल सेरेब्रल धमनीवर आहे आणि कडा गुळगुळीत आहेत. हाच मागे बॅसिलर धमनीच्या टोकाला असता, ७ मिलिमीटरच्या वर असता किंवा त्याला आणखी एखादा कोंब फुटलेला असता, तर मी लगेच अँजिओग्राफी करा म्हटलं असतं.

मामांना वाटतं तसं ‘कॉइल टाकली की सुटलो’ असं नसतं. मांडीतून किंवा मनगटातून नळी मेंदूपर्यंत न्यायची, मग प्लॅटिनमची केसासारखी तार फुग्यात सोडत राहायची. पडद्यावर लोकरीचा गुंडा वळावा तशी ती आत बसते. नीट बसली की बारीकसा वीजप्रवाह देऊन सुटी करायची. कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावण्याची पद्धत त्याहून जुनी, १९३७ सालची. दोन्ही उत्तम आहेत, पण दोन्हींत पक्षाघाताचा थोडा धोका असतोच. एवढ्याशा, गप्प बसलेल्या फुग्यासाठी तो मी तरी घेणार नाही. सहा महिन्यांनी एमआर अँजिओग्राफी, म्हणजे एमआरआयच्याच यंत्रावर रक्तवाहिन्यांची तपासणी, करा. त्याला सहसा इंजेक्शनही लागत नाही.

खरं काम घरात आहे. बीपीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. मशेरी बंद. ‘थोडीशीच लावते’ हे मला रोज ऐकावं लागतं! बीपी आटोक्यात असेल तर वारीला खुशाल जाऊ द्या. गोळ्या मात्र पिशवीत नकोत, कनवटीला हव्यात.

एक गोष्ट दिंडीतल्या सोबतिणींनाही सांगून ठेवा. क्षणात, घण घातल्यासारखं डोकं दुखलं, सोबत उलटी झाली, मान ताठली किंवा एका डोळ्याची पापणी अचानक खाली आली, तर दुखण्याची गोळी देऊन झोपवायचं नाही. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात थेट न्यायचं. फुटलेला फुगा पहिल्या चोवीस तासांतच पुन्हा फुटण्याची भीती सर्वांत जास्त असते.

आजी कशाने गेल्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सख्ख्या नात्यात दोघांना असा फुगा असेल किंवा घरात पॉलिसिस्टिक किडनीचा, म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा, आजार असेल, तर तुम्हा भावंडांच्या तपासणीचाही विचार करावा लागतो. मामांना तेवढं विचारा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.